चंद्राक्कानं न चाखलेली चटणी

चंद्राच्या अभयचा फोन आला तेव्हा मी बेळगावात होते, शहापुरात लेकीकडे. त्या गल्लीत घराघरात माग चालू असतात. त्या खडखडाटात फोनवरचं माणूस काय बोलतंय ते धड कळत नाही, म्हणून मी आत मोरीजवळ गेले आणि दुसऱ्या कानात बोट घालून ऐकलं. "काकू, आई गेली," एवढंच तो म्हणाला. पुढं नुसता रडत राहिला… फोन ठेवल्यावर निपाणीला गाडी कधी आहे ते बघायला लेकीनं मोबाईल माझ्या हातातून घेतला, काहीतरी दाबलं, आणि पडद्यावर जाहिरातीतली चंद्रा आली. अंगावर तीच हिरवी इरकल, डोक्यावरनं पदर, तोंडभर हसू. तिनं चटणीचा चमचा उचलला, नाकापाशी नेला, तिथून तोंडात घातला, डोळे मिटले आणि म्हणाली, "मी रोज खाते. तुम्हीही खा!" लेक बिचारी घाबरून ते बंद करायला धडपडत होती, पण संपेपर्यंत बंदच होऊ नये अशी व्यवस्था त्या लोकांनी करून ठेवलेली असते. तिकडं बाई नुकती गेलेली, तिचं अंग अजून निवलं नसेल, आणि इकडं हे तिला लसूण चारत होते. त्यावेळी मी जी शिवी हासडली ती इथं लिहिता येणार नाही. रविवारची पुरवणी आहे, पोरंबाळं वाचतात. पण ती शिवी मी मागं घेतलेली नाही, आणि हे वाचून कुणाला मी फार बोलते असं वाटलं तर खुशाल वाटू दे.

तुम्ही तिला ओळखता. म्हणजे तिचा चेहरा ओळखता. लाल पाकीट, त्यावर पदर घेतलेली एक गोल चेहऱ्याची बाई, आणि नाव 'चंद्राक्का कांदा-लसूण चटणी'. पुण्या-मुंबईच्या दुकानांत ते पाकीट दिसतं, माझा भाचा दुबईला असतो, त्याला तिथंही दिसलं. लोकांना वाटतं हे नाव कंपनीनं असंच काढलं असेल, चित्रही कुणीतरी काढलं असेल. अहो, ती खरी बाई होती! निपाणीत माझ्या शेजारी राहत होती. जैनांच्या घरातली, नियमांची पक्की. दिवस मावळला की पाणी बंद. जमिनीखाली वाढणारं काही खायचं नाही, म्हणजे बटाटा नाही, गाजर नाही, कांदा नाही, आणि लसूण तर नाहीच नाही. हा नियम तिनं लग्नाच्या आधी मुनी महाराजांसमोर घेतला होता आणि शेवटपर्यंत पाळला. होय, कांदा-लसूण चटणीच्या पाकिटावर जिचा चेहरा आहे तिनं जन्मात लसूण खाल्लेला नव्हता. ही गंमत आम्हा दोघींची होती. आम्ही त्यावर पोट धरून हसलोय. आता कुणी हसायला सांगितलं तर मी त्याच्या अंगावर जाईन.

आमच्याकडं मिरची कुटायच्या यंत्राला डंक म्हणतात. चंद्राच्या नवऱ्याचा, आप्पांचा, एक डंक होता. उन्हाळ्यात बायका वाळवलेली मिरची, धणे, खोबरं, तीळ असं सगळं घरनं भाजून आणायच्या आणि वर्षाची चटणी कुटून न्यायच्या. आप्पा फार लवकर गेले. अभय तेव्हा चड्डीत होता. डंक विकून टाक म्हणून सगळ्यांनी चंद्राला सांगितलं आणि ती दुसऱ्या दिवशी नाकाला फडकं बांधून स्वतः डंकावर जाऊन बसली. बायका नुसती कुटून नेण्याऐवजी तयार चटणी मागायला लागल्या, ती पण लसणाची. जैनाच्या डंकात लसूण म्हटल्यावर तिचे थोरले दीर खवळले. ते तंबाखूचे व्यापारी, वखार भरलेली. चंद्रा पदर सावरत खाली बघून म्हणाली, "भावजी, तुमी वखारीतला तंबाखू खात न्हाईसा. मग म्या कुटलेला लसूण म्या खाल्ला असं हुतंय व्हय?" दीर आले तसे वखारीकडं परत गेले. पण तिनंही त्यांचा मान ठेवला. साध्या चटणीचा डंक पुढं आणि लसणाचा मागच्या पत्र्याच्या शेडात. शेडातनं घरात जाताना मागच्या नळावर अंघोळ, लुगडं बदलायचं, मगच चुलीपुढं. थंडीवाऱ्यात, तापात, कधी चुकलं नाही.

आता जिनं खायचंच नाही तिनं चव कशी बघायची? तिथं मी आले. माझी बसस्टँडजवळ खानावळ होती आणि जिभेला धार होती, दोन्ही अर्थांनी, असं माझा नवरा म्हणायचा. चंद्रा चमच्यात चिमूटभर चटणी घ्यायची, नाकाखाली धरायची, डोळे मिटायची आणि लांब श्वास ओढायची. मिरची जास्त भाजली का, खोबरं खवट आहे का, लसूण कच्चा राहिलाय का, हे सगळं तिला वासावरनं कळायचं. पण मिठाला वास नसतो ना! आणि तिखट जिभेवर किती वेळ राहतं तेही नाकाला कळत नाही. मग चमचा माझ्याकडं यायचा. "इमल, जीभ लाव." मी जीभ लावायची, मीठ सांगायची, ती त्याप्रमाणं घालायची. अशी आमची चटणी व्हायची, नाक तिचं, जीभ माझी. कितीतरी वेळा मी तिला डिवचायची, "चंद्रा, येवढं गाव खातंय, येकदा बोट लावून बघ की, देवाला काय कळतंय?" ती म्हणायची, "देवाला न्हाय कळलं तरी मला कळंल न्हवं." आणि परत चमचा माझ्यापुढं. राग यायचा मला तिचा. माझ्या घरात मटण शिजत असलं तरी दारात बसून गप्पा मारणारी, कुणाच्या ताटाला कधी नाक न मुरडणारी बाई, पण स्वतःच्या बाबतीत पोलादाची.

मिरची संकेश्वरी, रंगाला थोडी ब्याडगी. पाकिटं आली ती नंतर, अभय कॉलेजात असताना. फोटो गावातल्याच स्टुडिओतला. ती फोटोला तयार नव्हती, मी ओढून नेली. पाकिटाच्या एका बाजूला मराठी होतं आणि दुसऱ्या बाजूला कन्नड. माझं माहेर बेळगावजवळचं येळ्ळूर. पाटीवर कुठली अक्षरं वर आणि कुठली खाली यावरून आमच्या सीमाभागात काय काय झालं हे इथल्या माणसाला मी सांगायला नको, आणि येळ्ळूरच्या माणसाला तर नकोच नको. मी चंद्राशी कडाकडा भांडले, कन्नड कशाला म्हणून. ती म्हणाली, "चिकोडीकडची बाई काय वाचंल मग? तिला काय तिखाट लागत न्हाय?" तिला दोन्ही भाषा सारख्याच यायच्या, हिशेब ती कन्नडमध्ये करायची आणि भांडायची मराठीत. तर ते पाकीट आज हातात घेऊन बघा. पुढं इंग्रजी, मागं इंग्रजी. मराठी आणि कन्नड दोघी पाकिटाच्या चिकटवलेल्या कडेला, मुंगीएवढ्या. आम्ही एकमेकांची डोकी फोडत बसलो आणि समुद्रापलीकडच्या माणसानं येऊन दोघांचीही अक्षरं पुसून टाकली, तर त्याच्या दारात घोषणा द्यायला कोणी गेलं नाही. ना आमच्यातलं, ना त्यांच्यातलं.

परदेशी कंपनीला विकायचं ठरलं तेव्हा हायवेला मोठी शेड झाली होती, दोनशे-अडीचशे बायका कामाला होत्या. अभयचं म्हणणं मला पाठ आहे. मॉलवाले माल ठेवायचेच पैसे मागतात, मोठ्या कंपन्या एकावर एक फुकट देतात, आपण किती दिवस टिकणार, आत्ता मागणी आहे तोवर देऊन मोकळं व्हावं. लोकांसमोर मी म्हणते की अभयला दोष देत नाही. खरं सांगायचं तर देते. पण त्याच्या एकट्याचं काय घेऊन बसलात? आमच्या पिढीनं हेच बघितलंय. लग्नात ज्या थंड पेयाची बाटली मिळाली की आम्ही पोरी उड्या मारायचो ते बाहेरच्यांनी घेतलं. दात घासायची पावडर गेली, साबण गेला, डोकेदुखीचं मलम गेलं. पेपरात फोटो येतो, दोन माणसं हात मिळवून हसतात, आणि आपण म्हणतो वा, आपल्या माणसाचं सोनं झालं. मालकाला किंमत मिळते, मान्य. पण ते विकत काय घेतात? यंत्रं त्यांच्याकडं ढीगभर आहेत. मिरची त्यांना कुठंही मिळते, आणि खरंच, वर्षाच्या आत संकेश्वरी बंद झाली आणि कुठलीतरी लाल भुकटी यायला लागली. मी एकदा जीभ लावून थुंकले. त्यांना चटणी नको होती. तुम्ही आम्ही त्या चेहऱ्यावर जो विश्वास टाकला होता तो त्यांना हवा होता. आणि तो चेहरा एका जित्याजागत्या बाईचा होता, तिला काही नियमधर्म होते, हे त्यांच्या खिजगणतीत नव्हतं.

सह्या झाल्या तेव्हा कागद इंग्रजीत. नाव, चेहरा, आवाज, सगळं कायमचं कंपनीचं, असं वाचून दाखवलं म्हणे. चंद्रानं एकच विचारलं, "माझा फोटू पाकिटावर ऱ्हाईल न्हवं?" राहील म्हणाले, तर तिला उलट बरं वाटलं. मग काही महिन्यांनी त्यांची माणसं आली शूटिंगला. मोठी गाडी, दिवे, छत्र्या. चंद्रानं सगळ्यांना पोळ्या आणि आमटी करून घातली, कारण दारात आलेल्या माणसाला उपाशी पाठवणं हे तिच्या रक्तात नव्हतं. त्यांच्यातली टोपीवाली पोरगी तिच्या पाया पडली. मी तिथंच होते. त्यांनी चमचा दिला आणि म्हणाले, आक्का, जरा खाऊन दाखवा. ती म्हणाली, "मी खात न्हाय, वास घेते." ते म्हणाले, काही हरकत नाही, तुम्ही जसं करता तसंच करा. मग तिनं चमचा नाकाखाली धरला, डोळे मिटले, श्वास ओढला. त्यांनी परत परत करायला लावलं, इकडून, तिकडून, जवळून. ती कौतुकानं करत राहिली, दमली तरी करत राहिली. नाकापासून तोंडापर्यंत किती अंतर असतं हो? दोन बोटं. तेवढं अंतर त्या बाईनं आयुष्यभर राखलं होतं, आणि त्यांनी ते कुठल्यातरी ऑफिसात कॉम्प्युटरवर बसून ओलांडलं.

पहिल्यांदा तिला ते कळलं बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, पर्युषणात. पर्युषणाचे ते दिवस म्हणजे तिच्या वर्षातले सगळ्यात मोठे, एकभुक्त राहायची, पहाटे बस्तीत जायची. पूजा झाल्यावर एक बाई मोबाईल पुढं करून सगळ्यांच्या देखत म्हणाली, "चंद्राक्का, आता तुमाला चालतंय वाटतं?" चंद्राला आधी कळलंच नाही. तिथनं ती तडक माझ्याकडं आली, पायात चप्पल नव्हती, घाईत बस्तीच्या दारातच राहिली असणार. त्या बाईचाच मोबाईल ती हातात घेऊन आली होती. तो माझ्यापुढं धरला. "इमल, बघ. ही कोण?" मी बघितलं. ती चमचा नाकाशी नेत होती, मला सगळं ओळखीचं वाटलं, आणि मग तो चमचा खाली आला… माझ्या तोंडातून निघालं, "तूच की गं." ती म्हणाली, "मी न्हाय." मग खाटेवर बसली आणि परत परत तेवढंच म्हणत राहिली, मी न्हाय, मी न्हाय. आवाजही तिच्यासारखाच होता, फक्त शहरी केलेला, 'तुमी'चं 'तुम्ही' केलेलं. तीच जाहिरात कन्नडमध्ये होती, हिंदीत होती. तीन-तीन भाषांत तिला लसूण खायला घातला. अंगाचा तिळपापड होणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

मग आम्ही मागं लागलो. अभय रीतसर बोलायच्या मताचा, मी दगड घेऊन जायच्या मताची. त्यानं फोन केले. बेंगळुरूचं ऑफिस म्हणालं मुंबईला विचारा, मुंबई म्हणाली हे बाहेरून ठरतं. एका नंबरावर फोन लावला की बाई नुसती म्हणायची तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे, आणि मग सतार. शेवटी त्यांचा एरिया मॅनेजर आला, तरणाताठा पोरगा, चांगला कोल्हापूरकडचा. आपलाच. त्याचाच जास्त संताप येतो. तो चंद्राला समजवायला लागला, "आक्का, हे एआय आहे. कॉम्प्युटरनं केलेलं. आजकाल सगळ्यांना माहीत असतं, हे कोण खरं समजतंय?" चंद्रा म्हणाली, "कोण खरं समजत न्हाय तर मग करता कशाला?" पोरानं बॅगेतनं कराराचा कागद काढला. मग म्हणाला, करारात सगळं आहे, कायद्यानं कंपनी बरोबर आहे, पण तुमच्या भावनांचा आदर आहे, मी वर कळवतो. चंद्रानं त्यालाही ताक दिलं. तिच्या जागी मी असते तर… असो. दोन महिन्यांनी आदर आला. जाहिरातीत खाली एक ओळ घातली, दृश्य प्रतीकात्मक आहे, इंग्रजीत, आणि चमचा तोंडात जातो त्याच वेळी ती येऊन जाते. सगळ्यांचं लक्ष तेव्हा चमच्याकडं असतं. असला आदर!

आणि मग चंद्रानं जे केलं ते तिच्यासारखीलाच सुचू शकतं. ती उपास करायला लागली. तिला सुनेनं विचारलं, मी विचारलं, ती सांगेना. मग एक दिवस तिचं ताट तसंच आत परत गेलेलं बघून मी तिला धरलीच. "चंद्रा, साखरेच्या गोळ्या घेतीस आणि उपाशी ऱ्हातीस, मरायचं हाय व्हय?" तर शांतपणे म्हणते, "ती रोज खातीया न्हवं. तिचं कोण फेडणार?" मी म्हटलं, "ती म्हंजे कोण? कॉम्प्युटर हाय ती!" ती म्हणाली, "चेहरा माझा हाय, इमल." बाहुबलीच्या तीर्थावर महाराज आले होते, आम्ही गाडी करून तिला तिकडं नेलं. महाराजांनी स्वच्छ सांगितलं, बाई, तू खाल्लं नाहीस, तुला दोष लागत नाही, प्रायश्चित्त नको. मी मनात म्हटलं सुटलो. परत येताना गाडीत ती म्हणाली, "महाराज मोबाईल बघत न्हाईत. लोकं बघत्यात." त्यानंतर नियमच झाला तिचा. कुणी सांगितलं की जाहिरात लागली होती, की तिची त्या वेळची भाकरी गेली. आणि जाहिरात काय, दिवसभर लागायची! क्रिकेट असलं की षटकागणिक. लोक येऊन कौतुकानं सांगायचे, आक्का, काल तुम्हाला बघितलं बरं का. मी गल्लीत एकेकाला दम देत फिरले, तिच्यापुढं बोलू नका म्हणून. किती तोंडं धरणार? तिकडं त्यांच्या ऑफिसात जाहिरात किती चालली म्हणून पेढे वाटत असतील, आणि इकडं ही ताट सरकवून पाणी पीत होती.

ती गेली ती हृदयानं. डॉक्टरांनी कागदावर तेच लिहिलंय आणि ते खरंच असणार, मी काही डॉक्टर नाही. कंपनीनं तिला मारलं असं मी लिहिणार नाही. पण ती ज्या अंगानं दवाखान्यात गेली त्या अंगावर मांस राहिलं नव्हतं, हे मी माझ्या हातानं तिला नेसवताना बघितलंय. रक्षाविसर्जनाला तो मॅनेजर आला, पांढरा शर्ट, हातात पुष्पचक्र, त्यावर कंपनीचं नाव सोनेरी अक्षरांत. मला म्हणाला, "काकू, आक्का अमर आहेत. आम्ही ठरवलंय, श्रद्धांजली म्हणून ती जाहिरात आता दिवाळीपर्यंत चालवायची." मी काय केलं ते निपाणीत सगळ्यांना माहीत आहे. चक्र नदीत गेलं, तो जायचा वाचला. लोकांनी मला धरून बाजूला नेलं, म्हणाले अशा वेळी असं करू नये. मग कशा वेळी करायचं?

त्यानंतर मी चिकोडीला गेले. तिथले एक वकील माझ्या खानावळीचे जुने गिऱ्हाईक. ते म्हणाले, करार आहे हे खरं, पण माणसाच्या तोंडी नसलेलं घालायचा, त्याच्या धर्माविरुद्ध त्याला वागताना दाखवायचा हक्क करारानं मिळतो का, हे विचारता येईल. लढता येईल. फक्त तक्रार वारसानं करायला पाहिजे, म्हणजे अभयनं. कागद तयार करून दिला. तो पिशवीत घालून मी गेल्या आठवड्यात त्यांच्या घरी गेले. मला वाटलं होतं अभय पैशाची, कोर्टाची कारणं सांगेल, मी तयारीनं गेले होते. तर बाहेरच्या सोप्यात त्याची लेक रिद्धी बसलेली, पाच वर्षांची, मांडीवर मोबाईल. आणि त्यात तीच जाहिरात. संपली की ती बोटानं परत लावत होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी अभयवर ओरडले, "ह्या घरात हे बघता? ह्या घरात?"

आतून सून आली. म्हणाली, "काकू, पोरगी आज्जी पायजे म्हणून रडती. दुसरं काय दावू? सासूबाईंनी आमाला कधी व्हिडिओ काढू दिला न्हाय. हलती-बोलती आज्जी येवढीच हाय." अभय मी पिशवीतनं काढलेल्या कागदाकडं बघत होता. म्हणाला, "मला सही करायला काय जड न्हाय, काकू. पण हे बंद झालं तर हिला आज्जी कुठं दाखवू?"

चेहरा नेला, आवाज नेला, आणि पोरीला आज्जी बघायची तर ती पण त्यांच्याच दुकानात. मी रिद्धीशेजारी खाली बसले आणि तिला म्हटलं, "बाळा, हे खरं न्हाय हं. आज्जी असली चटणी कधीच खात न्हवती. नुसता वास घ्यायची आणि मला द्यायची." ती पोरगी आज्जीवरच गेलीय, एकदम गप्प होऊन ऐकते. तिनं पडद्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मोबाईलमधली चंद्रा तेवढ्यात म्हणाली, मी रोज खाते. रिद्धीनं विचारलं, "मग आज्जी खोटं बोलती व्हय?"

सून पदर तोंडाला लावून आत गेली. अभयनं माझ्या हातातला कागद घेतला आणि पेन मागितला. माझ्याकडं नव्हता, त्याच्या खिशातला चालेना. शेवटी रिद्धीच्या दप्तरातला स्केचपेन काढून त्यानं सही केली, हिरव्या रंगात. चालतंय का विचारायला मी तिथूनच वकिलांना फोन लावला, ते म्हणाले चालतंय, आणा. तक्रार गेलीय. मी हे लिहितेय तेव्हा जाहिरात अजून चालूच आहे. तुमच्या मोबाईलवर आली तर घरातल्या पोरांना सांगा, ही बाई निपाणीची चंद्राक्का, आणि हिनं लसूण कधी तोंडात घातला नाही. खाल्ला तो मी.